दुकानफोडी आणि कटाच्या शिक्षेविरुद्ध अपील: भांडायचं नेमकं कशावर?

तुमची केस मला जेवढी कळली ती आधी थोडक्यात मांडतो. लहान भाऊ मोबाईलच्या दुकानात कामाला होता, नोकरी सोडली, त्यानंतर काही महिन्यांनी, २०२२ मध्ये, रात्री त्या दुकानाचं शटर उचकटून हँडसेट आणि गल्ल्यातली रोकड गेली. चोरांनी जाताना दुकानाचा डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) पण नेला, पण समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दोघं दिसतात आणि त्यात भाऊ नाही. पोलिसांचं म्हणणं टीप त्याने दिली. त्याच्याविरुद्ध आरोपी नंबर १ चा पोलिसांसमोरचा जबाब, त्या रात्रीचे फोन कॉल आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून निघालेले दोन हँडसेट, एवढंच. जेएमएफसी कोर्टाने (प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटच्या) आरोपी १ आणि भाऊ दोघांना आयपीसीच्या ४५७, ३८० सह १२०ब (गुन्ह्याचा कट) खाली तीन वर्षं सक्तमजुरी दिली, आरोपी ३ निर्दोष सुटला. आणि तुम्ही विचारताय की तिसरा सुटला म्हणजे आपलाही सुटेल का, अपिलात शिक्षा वाढते का, आणि त्या रात्री तो घरीच होता हे सांगणारा शेजारी आता साक्षीदार म्हणून देता येईल का.

आधी तारखा, कारण बाकी सगळं नंतर सुधारता येतं, मुदत गेली की विलंबमाफीचा अर्ज करत बसावं लागतं. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेविरुद्ध अपील सेशन कोर्टात जातं आणि मुदत ३० दिवस. निकालाची सर्टिफाईड कॉपी मिळायला जेवढे दिवस लागले ते त्यातून वजा होतात, पण त्या भरवशावर राहू नका. आरोपीला निकालाची एक प्रत कोर्टाने लगेच आणि फुकट द्यायची असते, ती मिळाली असेलच, अपील तयार करायला तेवढी पुरते. शिक्षा तीन वर्षांपेक्षा जास्त नाही आणि भाऊ खटल्यात जामिनावर होता म्हणून खालच्याच कोर्टाने अपिलासाठी शिक्षा तात्पुरती स्थगित केलीय, बरोबर. आता इथे लोक फसतात ते असे, की तिसावा दिवस सुट्टीचा आला तर अपील दुसऱ्या दिवशी दाखल करता येतं, पण खालच्या कोर्टाने दिलेली स्थगिती मात्र ऑर्डरमध्ये लिहिलेल्या तारखेलाच संपते, ती सुट्टीमुळे आपोआप वाढत नाही. म्हणून अपील मेमोबरोबरच (अपिलाचा मूळ अर्ज) शिक्षा स्थगितीचा अर्ज लावा (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८९, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ४३०) आणि मुदत संपायच्या आधी सेशन कोर्टाची ऑर्डर हातात घ्या. ठराविक मुदतीची छोटी शिक्षा असेल तर स्थगितीचा विचार उदारपणे करावा असं सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये भगवान रामा शिंदे गोसाई केसमध्ये सांगितलंय, कारण नाहीतर अपील लागेपर्यंत शिक्षाच भोगून होते. खटल्यात तारखा बुडवल्या नसतील तर या टप्प्यावर सहसा अडचण येत नाही. दंड भरलाय का बघा, बरीच कोर्टं स्थगिती देताना दंड भरायची अट घालतात.

गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असल्याने कलमं जुन्या आयपीसीचीच (भारतीय दंड संहिता) राहणार, तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची नाही. बीएनएसएसचे नंबर फक्त प्रक्रियेपुरते, आणि आम्ही मेमोवर दोन्ही नंबर लिहून मोकळे होतो.

आता मुद्द्याचं. अपील मेमो लिहिताना बरेच जण वीस-पंचवीस ग्राउंड (अपिलाची कारणं) टाकतात, निकाल बेकायदेशीर आहे, पुराव्याचं मूल्यमापन चुकलं, पंच फितूर झाला, वगैरे, आणि त्यात खरा मुद्दा बुडून जातो. तुमच्या भावाच्या केसची मांडणी बघा. तो जागेवर नव्हता, हे सरकार पक्षालाही मान्य आहे. म्हणजे ४५७ (रात्रीची घरफोडी) आणि ३८० (इमारतीतली चोरी) त्याला स्वतःच्या कृतीने लागतच नाहीत, ती लागलीत फक्त १२०ब च्या जोरावर. कटाचा आरोप पडला की ही दोन्ही कलमं त्याच्यापुरती सोबत पडतात, उरतो फक्त दोन हँडसेट त्याच्या ताब्यात होते का हा प्रश्न. आरोपी १ चं तसं नाही, तो कॅमेऱ्यात आहे, कट पडला तरी तो अडकलेलाच राहतो. म्हणून दोघांचं अपील एकाच वकिलाने एकाच सुरात चालवणं मला पटत नाही, तुमचा फायदा आरोपी १ पासून वेगळं दिसण्यात आहे आणि त्याचा फायदा कदाचित तुमच्या भावावर ढकलण्यात.

मग कट सिद्ध कशाने होतो? गुन्हा करायचा असं दोघांचं आधी ठरलं होतं, एवढं सिद्ध झालं तरी पुरे. गुन्हा करायचाच कट असेल तर पुढे प्रत्यक्ष काही केलं पाहिजे अशीही अट नाही, म्हणून "त्याने काहीच केलं नाही हो साहेब" हा युक्तिवाद इथे निरुपयोगी आहे, कोर्ट म्हणेल करायची गरजच नव्हती. जोर द्यायचा तो ठरलं होतं याला पुरावा कुठाय यावर. कट उघड्यावर होत नाही, परिस्थितीवरून अनुमान काढावं लागतं हे सरकारी वकील म्हणणारच आणि ते खरंय, पण अनुमान काढायचं तर त्याआधीची प्रत्येक परिस्थिती पुरेशी सिद्ध झालेली लागते आणि सगळ्या मिळून दुसरा कुठलाही शक्य अर्थ उरता कामा नये, शरद बिरधीचंद सारडा केसमधली १९८४ ची पाच तत्त्वं तीच, सेशन कोर्टात रोज वाचली जातात.

आरोपी १ चा जबाब. निकाल वाचताना मला वाटतं मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या मनावर सगळ्यात जास्त वजन याच कागदाचं पडलं असणार, आणि कायद्याने वजन शून्य. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यात येत नाही, जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५. कलम २७ मधून फक्त तेवढाच तुकडा आत येतो ज्यामुळे वस्तू सापडली, हे प्रिव्ही कौन्सिलपासून, पुलुकुरी कोटय्या केसपासून, ठरलेलं आहे. "मी माल अमुक ठिकाणी लपवलाय, दाखवतो" हे येईल, "आम्हाला टीप अमक्याने दिली" हे येणार नाही. सहआरोपीच्या कबुलीचं कलम ३० आहे, पण त्यासाठी आधी कबुली कायदेशीररीत्या सिद्ध झालेली लागते, म्हणजे मॅजिस्ट्रेटसमोरची वगैरे, आणि तशी असली तरी ती मूळ पुरावा नसते, बाकी पुराव्यावरून दोष दिसत असेल तर वरून आधार म्हणून बघायची, हरिचरण कुर्मी १९६४. राहिलं कलम १०, कटातल्या एकाचं बोलणं दुसऱ्याविरुद्ध वापरता येतं ते. पण ते कट चालू असतानाचं बोलणं. अटक झाली, कट संपला, त्यानंतर पोलीस कोठडीत बोललेलं कलम १० मध्ये बसत नाही, मिर्झा अकबर, १९४०. निकालपत्रातला ज्या पॅरात हा जबाब वापरलाय तो पॅरा नंबर टाकून मेमोत पहिलं ग्राउंड हेच घ्या.

आता ते हँडसेट, इथे मात्र थांबून कागद बघावे लागतील. केस इथेच सुटते किंवा इथेच अडकते.

निवेदन पंचनामा काढा, त्यालाच मेमोरँडम म्हणतात. त्यात भावाच्या तोंडचे नेमके शब्द आहेत का, की नुसतं "आरोपीने गुन्ह्यातील माल काढून देतो असे निवेदन केले" असं ठोकळेबाज वाक्य आहे? कुठे, कशाखाली, कोणी ठेवलं यातलं काहीच नसेल तर ते निवेदन लंगडं आहे. सुब्रमण्या विरुद्ध कर्नाटक आणि रामानंद विरुद्ध उत्तर प्रदेश हे २०२२ चे दोन्ही निकाल याच मुद्द्यावर कामाला येतात, पंचांसमोर आरोपी काय बोलला ते त्याच्या शब्दात नोंदवलेलं हवं आणि कोर्टात पंचाने किंवा तपासी अंमलदाराने ते शब्द सांगायला हवेत, नुसता पंचनामा दाखवून सही माझी आहे म्हणणं पुरत नाही. मग वेळा बघा. निवेदन किती वाजता सुरू, किती वाजता संपलं, गाडी निघाली कधी, जप्ती कधी, आणि स्टेशन डायरीत काय लिहिलंय. मग पंचाचा उलटतपास. "पंचनामा पोलीस स्टेशनला लिहिलेला होता, मी तिथेच सही केली" एवढं एक वाक्य जरी आलं असेल तरी त्याच्यावर तासभर बोलता येतं. पंच फितूर झाला म्हणजे जप्ती संपली असं मात्र नाही, तपासी अंमलदाराची साक्ष टिकली तर कोर्ट त्यावरही जाऊ शकतं.

त्यानंतर जागा. घरामागचं पत्र्याचं शेड कोणाच्या ताब्यात होतं? कुलूप होतं का, दार होतं का, मागून बोळ जातो का, शेजारची मंडळी तिथे लाकडं-बिकडं ठेवतात का? सगळ्यांना येता-जाता येईल अशा उघड्या जागेतून वस्तू निघाली तर ती आरोपीच्या ताब्यात होती असं म्हणणं अवघड, त्र्यंबक विरुद्ध मध्य प्रदेश, १९५४, ते उघडं शेत होतं. जप्ती पंचनाम्यात चतुःसीमा लिहिलेली असते ती नीट वाचा, पोलिसांनीच "दरवाजा नाही" असं लिहून ठेवलेलं असतं आणि खटल्यात कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं. उलट कुलूप होतं आणि किल्ली भावाने काढून दिली असं पंचनाम्यात असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

आणि आयएमईआय, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा वेगळा ओळख नंबर. मोबाईलच्या केसमध्ये मी आधी हाच कागद मागतो. फिर्यादीत चोरीला गेलेल्या हँडसेटचे आयएमईआय नंबर होते का? की फिर्यादीत नुसते "अमुक कंपनीचे इतके मोबाईल" आणि नंबरांची यादी दुकानदाराने पुरवणी जबाबात, जप्तीच्या नंतर दिली? नंतर दिली असेल तर यादी जप्त मालावरून बनवली अशी शंका घ्यायला जागा आहे. खरेदीची बिलं मूळ दाखल झालीत की झेरॉक्स? ड्युअल सिम हँडसेटला दोन नंबर असतात, बिलावर एक, पंचनाम्यात दुसरा, असा घोळ असेल तर तो कोणी जुळवून दाखवलाय का? पाकिटाला सील होतं का, लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का? माल दुकानदाराला सुपूर्दनाम्यावर (हमीपत्र घेऊन) परत गेला असणार, बहुतेक विकलाही गेला असेल, त्याला हरकत नाही, सुंदरभाई अंबालाल देसाई केसप्रमाणे तसं करता येतं, पण मग फोटो आणि सविस्तर पंचनामा रेकॉर्डवर हवा आणि दुकानदाराने कोर्टात हाच माझा माल असं सांगितलेलं हवं. यातलं काहीच नसेल तर ते हँडसेट त्या दुकानातलेच होते हेच सिद्ध नाही.

एवढं खोलात सांगायचं कारण, एक धोका आहे. कट पडला पण जप्ती टिकली तर सेशन कोर्ट शिक्षा ४११ वर, चोरीचा माल जवळ बाळगणे, यावर आणू शकतं, ४११ चा वेगळा आरोप ठेवलेला नसला तरी. त्यातही जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षंच आहे, त्यामुळे कट पाडला म्हणून निवांत होऊ नका. चोरीनंतर लगेच माल ज्याच्याकडे सापडतो तो चोर तरी किंवा चोरीचा माल घेणारा तरी, असं अनुमान कोर्ट पुरावा कायद्याच्या कलम ११४ खाली काढू शकतं. ते अनुमान घरफोडीच्या कटापर्यंत ताणता येतं का? माझ्या मते दोन हँडसेटवरून नाही. पण जप्ती किती दिवसांनी झाली ते बघा, मोबाईल ही हातोहात फिरणारी वस्तू आहे, मध्ये बरेच दिवस गेले असतील तर अनुमान आणखी पातळ होतं.

फोन कॉलचं. सीडीआरला (फोन कंपनीकडची कॉलची नोंद) पुरावा कायद्याच्या ६५ब चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं, सर्टिफिकेट आहे का हे सगळेच विचारतात, अर्जुन पंडितराव खोतकर केस २०२० पासून तर जास्तच. पण खटल्यात सीडीआरला निशाणी पडताना (पुरावा म्हणून नंबर देऊन नोंदताना) तुमच्या वकिलांनी हरकत घेतली होती का? नसेल तर सोनू विरुद्ध हरियाणा, २०१७, तुमच्या आड येईल, सिद्ध करायच्या पद्धतीवरची हरकत तेव्हाच घ्यायची असते, अपिलात पहिल्यांदा नाही. म्हणून मी सर्टिफिकेटवर फार वेळ घालवणार नाही, मजकुरावर बोलेन. सिम भावाच्या नावावर आहे हे कंपनीच्या फॉर्मवरून सिद्ध झालंय का? पोलिसांनी किती दिवसांचा सीडीआर काढला? बहुतेक वेळा घटनेच्या आगेमागे चार-पाच दिवसांचाच काढतात, आणि आरोपी १ त्याचा जुना मित्र, रोजच बोलणारा, तर त्या रात्रीचा कॉल काय वेगळं सांगतो? बोलणं काय झालं ते सीडीआरमध्ये नसतं. टॉवर लोकेशनचं तसंच, भावाचं घर आणि दुकान एकाच टॉवरखाली येत असेल तर लोकेशनवरून तो घरी होता असंही म्हणता येतं. मात्र पहाटे तीनला ओळीने कॉल असतील आणि एरवी कधीच नसतील, तर ते अडचणीचं आहे, त्याला उत्तर तयार ठेवा. कलम ३१३ च्या जबाबात (पुरावा संपल्यावर कोर्ट आरोपीला प्रश्न विचारतं तो) त्याने काय सांगितलंय ते आधी वाचा, तिथे "माहीत नाही" आणि अपिलात "मित्राचा वाढदिवस होता" असं चालणार नाही. आणि याच ३१३ मध्ये कॉलचा किंवा जप्तीचा प्रश्न त्याला विचारलेलाच नसेल तर तो स्वतंत्र मुद्दा आहे, जे विचारलं नाही ते त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. अर्थात अपिलाचं कोर्ट ती उणीव भरूनही काढू शकतं, त्यामुळे त्याचं नुकसान काय झालं हेपण दाखवावं लागतं.

सरकारी वकिलांचा सगळ्यात चांगला मुद्दा डीव्हीआर असणार आहे. चोरांना डीव्हीआर कुठे होता हे बरोबर माहीत होतं, म्हणजे आतल्या माणसाची टीप. ऐकायला दमदार आहे. पण डीव्हीआर काउंटरमागे मांडणीवर उघडा होता की आत माळ्यावर, हे घटनास्थळ पंचनाम्यात असेल. काउंटरमागे असेल तर तो प्रत्येक गिऱ्हाईकाला दिसतो. आणि भावाशिवाय आजी-माजी नोकर किती, त्यांच्याकडे चौकशी झाली का, दुकानदाराच्या उलटतपासात हे आलंय का बघा. आतली माहिती असणं म्हणजे संधी असणं, संधी असलेल्या प्रत्येकाने कट केला असं होत नाही.

तिसरा सुटला त्याचं. तोपंदास विरुद्ध मुंबई राज्य हा १९५५ चा निकाल लोक अर्धवट ऐकतात. कटाला किमान दोघं लागतात, म्हणून नाव घेऊन आरोप ठेवलेले बाकी सगळे सुटले आणि एकटाच उरला, तर त्याला कटात शिक्षा देता येत नाही. तुमच्याकडे आरोपी १ अजून दोषीच आहे, म्हणजे दोघं आहेत, हा मुद्दा आज लागू नाही. पण आरोपी १ च्या अपिलावर लक्ष ठेवा, त्याची कटाची शिक्षा रद्द झाली तर लागू होईल, आणि म्हणूनच दोन्ही अपिलं एकाच कोर्टात एकत्र चालावीत असा अर्ज द्या. वकील वेगळे, सुनावणी एकत्र. शिवाय तिसऱ्याला कोणत्या कारणाने सोडलंय तो पॅरा वाचा, त्याच्याविरुद्धही नुसते कॉल आणि तोच जबाब असेल तर एकाच पुराव्यावर एकाला सोडलं आणि एकाला नाही, हे ठसवून सांगा.

शिक्षा वाढेल का? तुमच्या अपिलात नाही. वाढवायची तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं. दुकानदाराला निर्दोष सुटलेल्याविरुद्ध अपील करता येतं, शिक्षा कमी पडली म्हणून नाही. दुकानदाराशी समेट करून केस मिटवायचं कोणी सुचवत असेल तर ४५७ आणि ३८० तडजोडीने मिटत नाहीत, शिक्षा कमी करायला नुकसानभरपाईचा उपयोग होतो तेवढाच.

शेजाऱ्याचा साक्षीदार विसरा. अपिलात जादा पुराव्याची तरतूद आहे, पण खटल्यात देता आला असता आणि दिला नाही असा साक्षीदार त्यात सहसा घेत नाहीत. आणि मुळात भाऊ जागेवर होता असं सरकारचंही म्हणणं नाही, मग तो घरी होता हे सिद्ध करून मिळवायचं काय?

पर्यायी मागणी म्हणून प्रोबेशन (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडणं) मेमोत जरूर लिहा. पहिलाच गुन्हा असेल तर १९५८ च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्टचा फायदा अपिलाचं कोर्टही देऊ शकतं, आणि शिक्षेच्या वेळी वय २१ च्या आत असेल तर तुरुंगात का पाठवलं याची कारणं खालच्या कोर्टाने लिहायलाच हवी होती. ऑपरेटिव्ह ऑर्डरमध्ये (निकालातला शेवटचा आदेश) शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक, आणि कच्च्या कैदेचे दिवस वजा केलेत का, हेही बघून घ्या. दंड न भरल्याची कैद मात्र वेगळी भोगावी लागते.

वकिलांचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. कोणीही वकील असले तरी साक्षी-पुराव्याच्या आणि निशाणी पडलेल्या सगळ्या कागदांच्या नकला स्वतः काढून द्या, रेकॉर्ड खालच्या कोर्टातून वर यायला वेळ लागतो आणि तोवर वाचून होतं. सेशन कोर्टात पुरावा पहिल्यापासून तपासून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे, पुढे हायकोर्टात फक्त रिव्हिजन (निकाल कायद्याला धरून आहे का एवढीच तपासणी), तिथे पंच काय बोलला यात सहसा कोणी शिरत नाही. तारखेला भावाने हजर राहायचं. अपील फेटाळलं तर स्थगिती तिथेच संपते आणि त्याच दिवशी ताब्यात घेऊ शकतात, म्हणून निकालाच्या तारखेआधीच रिव्हिजनसाठी हायकोर्टातल्या वकिलांशी बोलून ठेवा.